न निघालेला खेळ आणि माळ्यावरचा रुमाल

१/ इतिहासाचे साधन म्हटले की ताम्रपट, बखरी, मोडी कागद डोळ्यांसमोर येतात. आजच्या धाग्यातले साधन आहे एका व्हिडिओ गेमची रॉम, म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये साठवलेली आज्ञावली.

२/ १९८४ साली अटारी गेम्सने ‘मार्बल मॅडनेस’ आणला. तिरप्या कोनातून दिसणाऱ्या चक्रव्यूहातून, ट्रॅकबॉल फिरवत, वेळ संपण्याआधी गोटी पार न्यायची. मार्क सर्नी यांची ती निर्मिती. १९९१ मध्ये बॉब फ्लॅनागन यांनी त्याचा दुसरा भाग सिद्ध केला. सतरा मार्ग, एका वेळी तीन खेळाडू.

३/ विक्रीपूर्वी मोजकी यंत्रे चाचणीसाठी पार्लरमध्ये ठेवली गेली. तिथे ‘स्ट्रीट फायटर टू’सारख्या खेळांची चलती होती, गोटीकडे फारसे कोणी फिरकेना. कंपनीने दोष ट्रॅकबॉलला दिला आणि त्याजागी जॉयस्टिक बसवली. निकाल तोच. उत्पादन थांबले, उरलेली यंत्रे संग्राहकांच्या घरी गेली.

४/ पुढे तीस वर्षे हा खेळ बहुतेकांना केवळ ऐकून ठाऊक होता. मे २०२२ मध्ये रॉमची प्रत आंतरजालावर प्रकटली. जुनी यंत्रे संगणकावर जिवंत करणाऱ्या ‘मेम’ प्रणालीत तो चालू लागला.

५/ माझ्या जन्माआधीचा तो खेळ मी शिराळ्यात घरी लॅपटॉपवर खेळलो, एकटाच. एका यंत्रापुढे तिघांनी केलेली रेटारेटी रॉममध्ये उतरत नाही. तरीही, ‘खेळच टाकाऊ होता’ हे विधान आता कोणालाही तपासता येते. इतकी वर्षे हे साधन दडवणाऱ्यांचा मला राग आला.

६/ तो राग फार काळ टिकला नाही. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी रुमालात बांधून ठेवलेले मोडी कागद आहेत. दोन वर्षांपूर्वी एका अभ्यासकांनी ते पाहायला मागितले, तेव्हा ‘आधी माझे काम होऊ द्या’ असे सांगून मी टाळले होते. काम अजून सुरूही झालेले नाही.

७/ गेल्या रविवारी रुमाल सोडला, प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढले आणि त्यांना पाठवून दिले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. पहिल्याच कागदावरची तारीख मी चुकीची वाचली होती.