अकरा ग्रॅमचं भाडं

तर झालं असं, की 2023 च्या दिवाळीला वाशीमला घरी गेलो होतो आणि लक्ष्मीपूजनाची तयारी चालू होती. आजीने तिची पत्र्याची डबी काढली. त्यात चांदीचं एक निरांजन, आजोबांचं घड्याळ, दोन-चार जुनी नाणी असा ऐवज. तिने नाणी ताटात मांडली, मोजली, परत मोजली आणि म्हणाली, "अन् तो हालीचा रुपया कुठी गेला बाप्पा?"

बाबा एकदम उठले आणि "पाहतो पाहतो" म्हणत बाहेर गेले. ते काही पाहणार नव्हते, हे मला माहीत होतं. 2016 मध्ये पुण्यात माझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली, तेव्हा घरातली सटरफटर चांदी सराफाकडे गेली होती. जोडवी, वाळे, एक फुटकी वाटी. आणि हा रुपया. आजीला कुणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांना हाली माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. (कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडून द्या, पण मग पुढचं कळणार नाही.) हाली सिक्का म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन. आमचं वाशीम वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या कारभाराखाली. पण पन्नासेक किलोमीटरवरचं हिंगोली निजामाचं. त्यामुळे सीमेवरच्या बाजारात दोन रुपये चालायचे, इकडचा कलदार आणि तिकडचा हाली. दोघांचा भावही वेगळा, सहा कलदारला सात हाली! रिसोडकडचे आमचे आजोबा तरुणपणी कापसाच्या गाड्यांबरोबर हिंगोलीला जायचे. पहिल्या मजुरीतला एक हाली त्यांनी मोडलाच नाही, अशी आजीची गोष्ट. रुपयावर चारमिनार आणि त्याच्या दारात एक उर्दू अक्षर. सहाव्या निजामाचा, महबूब अलीचा असेल तर 'मीम' आणि सातव्या उस्मान अलीचा असेल तर 'ऐन'. आमचा 'ऐन'वाला होता, एवढं मला आठवत होतं. वजन 11.18 ग्रॅम, त्यात चांदी 81.8 टक्के.

हे वजन लक्षात ठेवा.

मग मी जालावर शोधायला लागलो. अशी नाणी आपल्याकडेही मिळतात, पण मला एकदम मनासारखा दिसला तो इंग्लंडमधल्या एका छोट्या ऑक्शन हाऊसच्या कॅटलॉगमध्ये. हिजरी 1337, म्हणजे 1918-19 चा. 'ऐन' स्वच्छ, कडा शाबूत, फोटो झकास. निजामाचा रुपया तिथे कसा पोचला असेल? हिंगोलीला 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, पण हा रुपया त्यानंतरचा. सिकंदराबादच्या एखाद्या गोऱ्या सोल्जरने खिशातून नेला असेल. असो.

2024 चा सप्टेंबर. शनिवार दुपार, रूमवर मी एकटा, लॅपटॉपवर लाईव्ह बोली. आपण किती शहाणे, हे अशा वेळी कळतं. पंधरा पौंडांवर थांबायचं ठरवलं होतं. अठरा, वीस, बावीस... समोरचा कोण हिरो आहे बघूच, म्हणत 26 पौंडांना नाणं घेतलं. त्यावर 24 टक्के बायर्स प्रीमियम, एकूण 32.24. म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेतीन हजारांच्या आसपास. ठीक आहे बॉस, आजीसाठी एवढं चालतं.

सोमवारी हापिसात मेल आला. शिपिंग 42 पौंड.

मला वाटलं दशांश चिन्ह चुकलंय. मी अत्यंत नम्र इंग्रजीत विचारलं. त्यांचं तितकंच नम्र उत्तर आलं, की नियम व अटींमध्ये 'पाठवणी प्रत्यक्ष खर्चाने' असं लिहिलेलं आहे आणि तुम्ही त्यावर टिक केलंय. केलंच होतं मी! दिवसाला दहा ठिकाणी तसं टिक करणं हाच माझा व्यवसाय आहे. गंमत अशी की हा खर्च बोली संपल्यावरच सांगतात. त्याआधी विचारायची सोय असते, पण लिलावाच्या गडबडीत विचारतो कोण?

रागाचा पहिला भर ओसरल्यावर मी थोडं खोदकाम केलं. कळलं ते असं. बऱ्याच कुरिअर कंपन्या नाणी घेतच नाहीत. ज्या घेतात त्या विमा मागतात. आंतरराष्ट्रीय कुरिअरचा पहिला टप्पा बहुतेक अर्ध्या किलोचा असतो, म्हणजे माझं 11 ग्रॅमचं नाणं 500 ग्रॅमच्या तिकिटावर प्रवास करणार. पॅकिंग, कस्टम्सचे कागद, लाईनीत उभा राहणारा माणूस, हे सगळं वीस पौंडांच्या नाण्याला जेवढं लागतं तेवढंच वीस हजारांच्या नाण्याला. तिथे 42 पौंड कुणाच्या लक्षातही येत नाहीत. वर आमचा पिनकोड 444505. तो टाकला की पुष्कळ ठिकाणी दूरच्या भागाचा म्हणून जादा आकार पडतो. (वाशीम जिल्ह्याचं ठिकाण आहे हो! 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, माझ्याच जन्मसाली.) आपल्याकडे तेव्हा 50 ग्रॅमचं स्पीड पोस्ट देशात कुठेही 35 रुपये अधिक जीएसटी होतं. ऑक्टोबर 2025 पासून ते 47 झालंय, तरीही.

थोडक्यात, ती मंडळी लुबाडत नव्हती. हे कळल्यावर जास्त चिडचिड झाली. कुणी लुबाडलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी इंजिनिअर आहे, तेव्हा उशिरा का होईना सूत्र मांडलं. खिशातले एकूण पैसे, वजा भाडं, भागिले 1.24. उरतं ती तुमची कमाल बोली. माझी एकूण तयारी 60 पौंडांची होती. (60 - 42) ÷ 1.24 = साडेचौदा. म्हणजे पंधराचा मूळ आकडा जवळपास बरोबरच होता, फक्त तो मी भाडं न धरता ठरवला होता आणि नंतर पाळलाही नव्हता. लिलावात उतरणाऱ्यांनी हे सूत्र मॉनिटरवर चिकटवून ठेवा. आणि आधी मेल टाकून भाडं विचारा. आणि घ्यायच्याच असतील तर एकाच लिलावात चार वस्तू घ्या, भाडं एकदाच पडतं. पण मला चार नको होत्या.

मग सुचली आयडिया. माझा जुना रूममेट लीड्सला ऑनसाइट होता. इंग्लंडातल्या इंग्लंडात पाठवायला 9 पौंड. तो दिवाळीत येणारच होता, येताना खिशात घालून आणेल. 33 पौंड, म्हणजे साडेतीन हजारांच्या वर वाचवले! आठवडाभर मी हापिसात हे प्रत्येकाला सांगत होतो.

दिवाळीत त्याचा प्रोजेक्ट लाईव्ह जाणार होता, रजा नाही. संक्रांतीला तिकिटं महाग होती. मार्चमध्ये त्याने घर बदललं आणि चार दिवस नाणं सापडेना. त्या चार दिवसांत मी त्याला जे काही बोललो ते इथे लिहिता येणार नाही. सापडलं, मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये.

ते मोज्यांत असताना, एप्रिल 2025 मध्ये, लंडनच्या सोथबीजमध्ये नागपूरकर राजे रघुजी भोसल्यांची तलवार लिलावाला निघाली. वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा जो दोअंमल होता, त्यातले हे भोसले. आपल्या राज्य सरकारने ती तलवार घेतली. 47 लाख 15 हजार रुपये. बातमीत पुढे लिहिलं होतं, हाताळणी, वाहतूक आणि विम्याच्या खर्चासह. बाकीच्यांनी बातमीत तलवार पाहिली, मी ती ओळ पाहिली. मध्यस्थ घालून घेतली त्यांनी, आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोचलीसुद्धा. जुनी वस्तू परत आणायची तर तिचं भाडं हा किमतीचाच भाग धरायचा असतो. सरकारने तो धरला होता. मी वाचवत बसलो होतो.

कारण मधल्या काळात आजीच्या डोळ्यांचं वाढत गेलं होतं. काचबिंदू. आधीपासून होताच. सप्टेंबरमध्ये ती मला दारातून ओळखायची. फेब्रुवारीत गेलो तेव्हा आवाजावरून ओळखलं.

मे महिन्यात मित्र आला. पुण्यात नाणं हातात घेतलं आणि त्याच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने वाशीमला निघालो. सकाळी आंघोळसुद्धा न करता आजीच्या खाटेवर बसलो आणि तिच्या तळहातावर रुपया ठेवला. म्हटलं, "आजी, ओळख."

तिने अंगठा फिरवला. चारमिनारवरून दोनदा फिरवला. मग जरा पुढे झुकून रुपया फरशीवर टाकला. खण्ण् वाजला. तिचा चेहरा उजळला. "हालीच हाय!"

मी बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीकडे बघत होते.

आजीने रुपया परत हातात घेतला आणि कडेने बोट फिरवत राहिली. एकदा, दोनदा, गोल. "पण हा आपला नोय रे. आपल्याले भोक होतं. माह्या गयात राहे तो, पोतीत."

मी गप्प. इतक्या वर्षांत हे भोक माझ्या कानावर कधी आलंच नव्हतं. मला फक्त 'ऐन' माहीत होता. भोक पडलेली नाणी लिलावात स्वस्तात जातात, मी मुद्दाम बिनभोकाचं, कडा शाबूत असलेलं शोधलं होतं. आणि आता परत पाठवायचं म्हटलं तरी सोय नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याने परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाही.

"होतं भोक," बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले. "त्याच्यानंच सराफानं वजनावर घेतला. म्हने, याले नाण्याचा भाव नाही भेटत."

आजी काही बोलली नाही. ऐकलं तिने, नक्की ऐकलं. कान शाबूत आहेत तिचे. तिने पदराचं टोक शोधलं, रुपया त्यात ठेवला आणि गाठ मारली. मग मला विचारलं, "केवढ्याले पडला?"

"हजार रुपये," मी म्हणालो. "सगळं धरून."

"लय झाले," आजी म्हणाली.