सहा पॉइंट सहा म्हणजे किती टक्के?

मराठीत ‘गुण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. परीक्षेत मिळतात ते गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या आम्हा मुलींची फार पंचाईत होते. ‘हिला गणितात गुण कमी आहेत’ असे मास्तरांनी म्हटले की आईला मुलीतच काही कमी असल्यासारखे वाटू लागते. कानडीत हा घोटाळा नाही. तिथे अंक म्हणतात आणि गुणपत्रिकेला अंकपट्टी. माझे आजोळ मध्य प्रदेशात आहे, तिथल्या सरकारी हिंदीत तिला अंकसूची म्हणतात. अंक म्हणजे नुसता आकडा. त्यात कुणाच्या अंगीच्या गुणांची चर्चा येत नाही.

पण आता आपल्या निकालात ठळक छापून येतो तो गुणही नसतो आणि अंकही नसतो. येतो तो ६.६ किंवा ७.४ असा एक दशांशाचा आकडा. सेमिस्टरचा असला तर एसजीपीए आणि सगळ्या सेमिस्टरांचा मिळून सीजीपीए. कॉलेजच्या कट्ट्यावर आपण हा आकडा एकमेकांना विचारतो, तोंडे वाकडी करतो, पेढे मागतो. तो निघतो कसा आणि त्याचा अर्थ काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मीही विचारले नसते, पण गेल्या दिवाळीत सावरगावला तशी वेळच आली.

वाचकहो, सावरगाव म्हणजे माझे आजोळ. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगडफेक होते. या गोटमारीमुळे वर्षातून एकदा आमच्या गावाचे नाव वर्तमानपत्रात येते. (गोटमारीत दशांश चिन्ह नसते. झेंडा ज्याने नेला तो जिंकला. जखमींचा आकडा मात्र दुसऱ्या दिवशी छापून येतो.) एरवी हा मुलूख संत्र्यांचा आणि कपाशीचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे माझे घर मराठी, आजोळही मराठी, आणि दोन्ही महाराष्ट्राबाहेर. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. वडील नोकरीनिमित्त नागपूरला होते तेव्हा हे लग्न जमले, एवढे सांगितले की बेळगाव आणि सावरगावचा संबंध ध्यानात येईल.

माझी मामेबहीण, मी तिला ताई म्हणते, बी.कॉम. झाली. मामांच्या घरातली ती पहिली पदवीधर. एका संस्थेत हिशेबनिसाच्या हाताखालची जागा निघाली होती. अट होती, पदवीला किमान ६० टक्के. ताईच्या शेवटच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए होता ६.६. तिने अर्जात तोच लिहिला. पंधरा दिवसांनी उत्तर आले की आपली टक्केवारी ५८.५ भरते, सबब अर्ज अपात्र.

मी पोचले तेव्हा घरात दिवाळी होती, पण फराळाकडे कुणाचे लक्ष नव्हते. मामा पुन्हापुन्हा एकच विचारत होते, “दहापैकी सहा पॉइंट सहा, म्हंजे शंभरात सहासष्ट झाले ना वं? मंग हे साडेअठ्ठावन कुठून आनले त्याइनं? तू तं कॉमर्सची, तू सांग मले.”

मामांचा प्रश्न बिनतोड होता. शिवाय मी कॉमर्सची, तेव्हा पळून जायलाही जागा नव्हती.

पहिली गोष्ट, हा आकडा म्हणजे सरासरी आहे. (सरासरीला कानडीतही सरासरीच म्हणतात आणि शेकड्याला शेकडाच. या अंकाच्या कानडी विभागातल्या मैत्रिणींना निदान हे दोन शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत.) पण ती साधी सरासरी नव्हे. लेखाकर्माच्या तासाला साठ्याचे मूल्य काढताना आपण जी भारित सरासरी काढतो, ती ही. मामांना ती समजावायला मला पुस्तक लागले नाही, घरामागची बाग पुरली. समजा, संत्र्यांची १०० कॅरेट निघाली. मोठा माल ३० कॅरेट, भाव ८०० रुपये. मध्यम ५० कॅरेट, भाव ६००. बारीक २० कॅरेट, भाव २५०. तिन्ही भावांची बेरीज करून तिनाने भागले तर ५५० येतात. पण हातात पैसे येतात ५९,०००, म्हणजे कॅरेटला ५९० पडले. मामा म्हणाले, “हे तं कोनीबी सांगल. माल किती त्याच्यावर हाय ना सारं.” तेच तर! विषयाला मिळालेला ग्रेड पॉइंट म्हणजे भाव, आणि विषयाचे श्रेयांक, ज्यांना आपण क्रेडिट म्हणतो, ती कॅरेटे.

श्रेयांक म्हणजे तरी काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेमिस्टरभर आठवड्याला एक तास शिकवणे म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असेल तर दोन तासांना एक. आपल्या खतावणीत क्रेडिट म्हणजे जमा, तशीच ही तासांची जमा.

ताईच्या तिसऱ्या सेमिस्टरची गुणपत्रिका आम्ही पुढे ओढली. लेखाकर्म ६ श्रेयांक, गुण ५९. परिव्यय लेखा ६ श्रेयांक, गुण ६०. व्यापारी कायदा ४ श्रेयांक, गुण ७१. भाषा २ श्रेयांक, गुण ८९. पर्यावरण २ श्रेयांक, गुण ९२. तिच्या विद्यापीठात ५० पासून ६० च्या आतले सगळे ६, ६० पासून ७० च्या आतले सगळे ७, अशी चढती भाजणी आहे आणि ९० च्या पुढे १०. तेव्हा पॉइंट झाले ६, ७, ८, ९ आणि १०. यांची नुसती सरासरी ८ येते, आणि घरच्यांना वाटते मुलीचे ८ कुठे गेले! पण श्रेयांकांनी गुणले की ३६, ४२, ३२, १८ आणि २०. बेरीज १४८. भागिले २०, उत्तर ७.४. गुणपत्रिकेवर हेच छापले होते. भाषेत ८९ पडले म्हणून फार हुरळून जाता येत नाही, कारण त्या ढिगात दोनच कॅरेटे आहेत. ताईचे सगळे ओझे लेखाकर्मावर होते.

सीजीपीए काढतानाही हीच रीत. सेमिस्टरांचे श्रेयांक सारखे नसतील तर सहा एसजीपीएंची बेरीज करून सहाने भागायचे नाही. आयोगाच्या त्याच सूचनांतील उदाहरणात सहा सेमिस्टरांचे श्रेयांक २० ते २६ असे वेगवेगळे आहेत. साधी सरासरी ६.७७ भरते, खरा सीजीपीए ६.७३. ताईचे प्रत्येक सेमिस्टर २० श्रेयांकांचेच होते, म्हणून तिथे काही वाद नव्हता.

खरी मेख दुसरीकडेच आहे. लेखाकर्मातले ५९ आणि परिव्यय लेख्यातले ६०, यांत फरक एका गुणाचा. पण पॉइंट झाले ६ आणि ७. सहा श्रेयांकांचा विषय, म्हणजे एका गुणापायी बेरजेत सहा कमी. उलट ६० आणि ६९ वाल्या दोघी एकाच पाटावर, दोघींनाही ७. हे मामांना आवडले नाही. संत्र्यांची प्रतवारी करताना कड्यातून पडले ते बारीक आणि अडकले ते मोठे, हे त्यांना ठाऊक आहे. पण, “संत्राले दुःख नाही होत वं,” असे ते म्हणाले. मला वाटते, पट्टे पाडण्यात सोय आहे हे मान्य केले तरी काठावरच्या मुलांसाठी ही गोष्ट कडूच राहणार.

आता मामांचा मूळ प्रश्न. ताईच्या विद्यापीठात ६० गुणांनाही ७ आणि ६९ लाही ७. म्हणजे पॉइंट देताना गुण वरच्या बाजूला ढकलले गेले. सरासरीने पाहिले तर अर्धा पॉइंट वर. मग ६.६ ला सरळ दहाने गुणले तर ते ढकललेलेही आपल्या पदरात पडणार. ६६ टक्के ही ताईची खरी टक्केवारी नव्हतीच. मामांना हे सांगताना मला जड गेले, पण हिशेब म्हणजे हिशेब. काही विद्यापीठांत मात्र गुणांना दहाने भागूनच पॉइंट काढतात, तिथे दहाने गुणणे अगदी बरोबर आहे. मुंबई विद्यापीठाच्या दहा पॉइंटांच्या एका कोष्टकात तर ८० च्या पुढे सगळे १० आणि ६० ते ७० ला ८ होते. तिथल्या ६५ गुणांना दहाने गुणून पाहा, ८० टक्के होतात! आयोगाने अक्षरे आणि पॉइंट सुचवले, ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ म्हणजे ९, असे खाली ‘पी’ म्हणजे ४ पर्यंत. किती गुणांना कोणते अक्षर, हे ज्याचे त्याने ठरवले. तेव्हा ६.६ हा आकडा कुठल्या विद्यापीठाचा हे कळल्याशिवाय त्याला अर्थच नाही.

दहाने गुणण्याखेरीज आणखी दोन सूत्रे हिंडत असतात. एक ९.५ ने गुणण्याचे. हे सीबीएसई मंडळाचे, २०१० ते २०१७ या काळात दहावीचा निकाल सीजीपीएत लागत असे तेव्हाचे. सर्वांत वरच्या म्हणजे ९१ ते १०० च्या पट्ट्यातल्या मुलांची सरासरी ९५ च्या आसपास येते, तिला दहाने भागले, झाले ९.५. दहावीच्या मुलांसाठी काढलेला हा आकडा बी.कॉम.च्या गुणपत्रिकेला लावणारे लोक मी पाहिले आहेत. दुसरे सूत्र तंत्रशिक्षण परिषदेचे, म्हणजे एआयसीटीईचे. सीजीपीएतून ०.७५ वजा करा आणि दहाने गुणा. ६.७५ म्हणजे ६० टक्के, ७.७५ म्हणजे ७०. आपल्या बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठानेही काही वर्षांच्या अभ्यासक्रमांना हेच सूत्र लावले होते. वर ढकललेले परत खाली ओढायचे, हा त्यातला विचार बरोबर आहे. मात्र अर्ध्याऐवजी पाऊण ओढले जाते.

ताईच्या ६.६ ला तिन्ही लावून पाहिली. ६६, ६२.७ आणि ५८.५. शेवटचा आकडा येताच मामांनी पत्र उचलून पुन्हा वाचले. ताई इंजिनियर नाही, तिचे विद्यापीठ तांत्रिक नाही, तरी कुणीतरी टेबलावरचे जवळचे सूत्र उचलले आणि लावून टाकले होते.

मग रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघी बसलो. सहा गुणपत्रिका, तीस विषय. त्यांवर ग्रेडच्या शेजारी बारीक टाइपात मूळ गुणही छापलेले होते, हे नशीब. प्रत्येक विषयाचे गुण त्याच्या श्रेयांकांनी गुणत गेलो. ताई आकडे सांगे, मी कॅल्क्युलेटर दाबी, मामी मधूनमधून चहा ठेवी. बेरीज आली ७३६०. एकूण श्रेयांक १२०. भागाकार ६१.३३. ताईने तो पुन्हा करायला लावला. पुन्हा ६१.३३.

दिवाळीची सुटी संपल्यावर ताई आणि मामा विद्यापीठात जाऊन आले. विद्यापीठे असे पत्र देतात, फी भरावी लागते. सीजीपीए अमुक, आमच्या नियमाप्रमाणे त्याची टक्केवारी तमुक, खाली सही-शिक्का. ताईला ते एकोणीस दिवसांनी मिळाले. आपल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी शेवटच्या निकालाबरोबरच ते मागून ठेवावे, हे मी ताईच्या वतीने सांगते. बँकांच्या परीक्षांचे अर्ज भरणाऱ्यांनी तर नक्कीच. आयबीपीएसच्या जाहिरातींत ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमीच धरले जातील, असे स्वच्छ छापलेले मी वाचले आहे. तिथे शेजारच्या मुलाने सांगितलेले सूत्र चालत नाही, ज्या विद्यापीठाची पदवी त्याचा नियम लागतो.

ताईने ते पत्र जोडून त्या संस्थेकडे पुनर्विचाराचा अर्ज टाकला आहे. उत्तर अजून आलेले नाही आणि मुलाखती तर होऊन गेल्या. मधल्या काळात तिने आणखी दोन ठिकाणी अर्ज केले. एकात सीजीपीएला रकानाच नव्हता, टक्केवारी विचारली होती, दोन दशांश स्थळांपर्यंत. तिथे तिने ६१.३३ लिहिले. मामांनी पांढुर्ण्याहून त्या पत्राच्या दहा झेरॉक्स काढून आणल्या आहेत, त्यांतल्या आठ शिल्लक आहेत.