दुसरी वाट

बीदरजवळ नौबादला करेझच्या हवेच्या विहिरीपाशी वाकून पाहिलं, की आधी अंधार दिसतो आणि मग खालचा ओलसर गारवा तोंडावर येतो. बीदरचं पठार जांभ्याचं. पाऊस त्यात मुरतो, खालच्या काळ्या कातळाशी अडतो आणि आडवा झिरपत राहतो. पंधराव्या शतकात अहमदशहा वलीनं बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून इथं आणली. त्याच राजवटीत त्या पाण्यापर्यंत इराणी कनातीच्या, म्हणजे भूमिगत पाणवाटेच्या, धर्तीवर बोगदे खणले गेले. तेच हे करेझ.

येणारे पाण्याचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. माझं मन मात्र या उभ्या विहिरींत अडकतं. ठरावीक अंतरावर एकेक. इथूनच माती वर आली, हवा खेळती राहिली, आणि खणणाऱ्याला माघारी यायची वाट मिळाली. इराणात कनाती खणणारे मुकन्नी त्या कनातीलाच 'खुनी' म्हणत. छत कधी बसेल, पाणी कधी फुटेल, हवा कधी संपेल, सांगता येत नसे. ते दिवा जवळ ठेवून खणत. ज्योत मंदावली की मागे फिरत.

आमच्या भालकी-औरादकडे उन्हाळा लागला, की विहिरीतली माती उपसणारी यारी घरघरू लागते. नव्या विहिरी खणतात, जुन्यांचा गाळ काढतात. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो. हवेहून जड, ना रंग ना वास. एक जण उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावासाठी शेजारी. जीव लावणारी माणसंच अशी पाठोपाठ जातात, हे मला कधीच सोसत नाही. कंदील सोडून पाहायची जुनी रीत चांगली, पण तिच्यावर विसंबू नये. कंदील जळत असतानाही माणसाला मारतील असे वायू आहेत. तळाशी उतरवलेल्या डिझेल इंजिनाचा धूर त्यातलाच.

माघारी यायची वाटच बुजली तर काय होतं, तेही जगानं पाहिलंय. इंग्लंडात हार्टलीच्या कोळसा खाणीला एकच विहीर होती. १८६२ च्या जानेवारीत पंपाची अवजड लोखंडी तुळई तुटून तिच्यात पडली, वाट बुजली, २०४ जण गेले. त्याच वर्षी तिथं कायदा झाला, खाणीला दोन वाटा हव्यातच. आपल्या खाण नियमांतही ही अट आहे. तरी उत्तराखंडात सिलक्याराच्या बोगद्याला २०१८ च्या मंजुरीत लिहिलेली सुटकेची वाट २०२३ च्या नोव्हेंबरात जागेवर नव्हती, आणि बोगदा ढासळल्यावर ४१ मजूर १७ दिवस आत अडकून राहिले. शेवटचे काही मीटर हातानं खणून त्यांच्यापर्यंत पोचले तेही मजूरच. या खणणाऱ्यांना हार-तुरे मिळाले, छान झालं. पण ती वाट आधीच असती, तर त्यांना जिवावर उदार व्हावं लागलं नसतं. मजुराच्या धाडसावर कामाचा आराखडा बेतणं हा गुन्हा आहे, असं मी मानतो.

शेतातल्या विहिरीला दुसरी वाट खणता येत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर हीच तिथली दुसरी वाट. म्हणून विहिरीचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो. आधी पंख्यानं हवा सोडा. इंजिन आत उतरवू नका. दोराशिवाय कुणाला खाली धाडू नका, आणि दोर धरायला वर माणसं ठेवा. खाली कुणी कोसळलं, तर दोर ओढा, ११२ ला फोन करा. पण त्याच्या मागे उतरू नका.