पाण्याची बदली

सरकारी नोकराच्या संसारात बदलीच्या हुकुमाबरोबर जे जे बांधले जाते, त्यात मोटारीच्या पोटातले पाणी कोणी मोजीत नाही. इंजिनातल्या पाण्याविषयी आम्ही बोलत नाही. त्याचे कोडकौतुक करायला मिस्त्री असतात. आम्ही म्हणतो ते समोरची काच धुण्याचे पाणी. बॉनेटखाली एका कोपऱ्यातल्या लहानशा टाकीत ते राहते. पुण्यास असताना आम्ही त्याची कधी विचारपूस केली नाही. नळाचे पाणी भरावे, काचेवर धूळ बसली की कळ ओढावी, एवढाच आमचा त्याचा संबंध.

श्रीनगरला आल्यावर हा संबंध वाढवावा लागला. येथे 21 डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ सुरू होतो. त्याचा मुक्काम चाळीस दिवसांचा. मागून वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. थोरला, धाकटा आणि शेंडेफळ! थोरल्याच्या अमलात घरातले नळ मुके होतात, कडाक्याच्या वर्षी दल सरोवराच्या कडा गोठतात. मग मोटारीतल्या चार लिटर पाण्याने काय म्हणून वाहते राहावे? गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. त्याने टाकी तडकते, नळी फुटते, पंप कायमचा बसतो.

पण खरी भीती टाकीची नाही. सकाळी काझीगुंडच्या रस्त्याला लागावे. रात्रीचे बर्फ वितळून रस्ताभर चिखल झालेला असतो. पुढच्या ट्रकने एक फवारा उडविला की काच तपकिरी होते. कोरडा वायपर फिरवावा, तर चिखल शेणासारखा सारवला जातो, आणि दक्षिणेकडे खाली उतरलेला हिवाळी सूर्य नेमका त्या सारवणावर चमकतो. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर पुढे जाते. तीन सेकंद काही दिसले नाही, तर चाळीस मीटर रस्ता केवळ श्रद्धेने कापला असे समजावे. कचेरीत श्रद्धेवर पुष्कळ चालते. त्या रस्त्यावर नाही.

म्हणून नोव्हेंबरातच आम्ही ही बदली उरकतो. रीत कचेरीतलीच: जुन्याने कार्यभार पुरता सोडल्याशिवाय नव्याने रुजू व्हायचे नाही. अर्धी टाकी पाणी ठेवून वर निळा द्रव ओतला, तर बाटलीवर उणे वीस अंश छापलेले असले तरी त्या आकड्याचा भरवसा उरत नाही. अल्कोहोलचे प्रमाण घटले की मिश्रण लवकर गोठते. तेव्हा जुने पाणी आधी काचेवर उडवून संपवावे. मात्र धार तुटताच थांबावे, कारण कोरडा पंप फिरत ठेवला तर जळतो. मग नवे भरावे आणि तोटीतून निळी धार येईपर्यंत पुन्हा कळ ओढावी. ही शेवटची पायरी पुष्कळजण गाळतात. मग टाकीत नवे आणि नळीत जुने, असा प्रकार होतो; रात्रीत नळी गोठते आणि सकाळी भरली टाकी असून नसल्यासारखी. काटकसरीने इंजिनाचे कूलंट ओतणारेही आहेत. त्याचा ओशट थर काचेवर बसतो तो वेगळाच.

आमचा मिस्त्री आणखी एक सांगतो: ‘जनाब, पहले शीशा गरम कीजिए.’ त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. वाऱ्याने अल्कोहोल झपाट्याने उडते, उडताना काच थंड करते, आणि मागे उरलेले पाणी डोळ्यांदेखत गोठते. म्हणून आतून काचेवर ऊब सोडून मगच कळ ओढावी.

या द्रवात पुष्कळदा मिथेनॉल असते, हे मात्र आम्हांला फार अस्वस्थ करते. काचेला जे दृष्टी देते, तेच पोटात गेले तर माणसाला आंधळे करते, त्याचा जीवही घेते. त्यातून रंग असा, की मुलांना सरबतच वाटावे. आमच्या घरी सौभाग्यवतींच्या दागिन्यांनंतर कुलपात जाणारा ऐवज म्हणजे ही बाटली.

परवा आमच्या एका स्नेह्यांची नागपूरला बदली झाली. निघताना त्यांनी सामानाची यादी केली, कांगडी आठवण म्हणून बरोबर घेतली, आणि उरलेली दीड बाटली आमच्या स्वाधीन केली. नागपूरच्या मे महिन्यात तिचे त्यांना काय काम?