उलटा सेल

आत्या गावाला निघाली, की बॅटरीतला एक सेल उलटा घालायची. पिशवीत कपड्यांच्या दाबानं खटका सरकला, तरी दिवा लागू नये म्हणून. दोन सेल तोंडाला तोंड लावून बसले, की एकमेकांचा जोर खाऊन टाकतात. बल्बातली तार थंड राहते. मुक्कामाला पोचलं, की पाय धुवायचे, चहा घ्यायचा, आणि मागचं झाकण फिरवून तो सेल सुलटा करायचा. मग भिंतीवर एकदा उजेड पाडून बघायचा. पिवळा गोल, मधोमध जरासा काळपट डाग. तो गोल उमटला, की मुक्काम पडला.

शाळेच्या पुस्तकात तिला विजेरी म्हणत. पुण्याच्या कसब्यातल्या आमच्या वाड्यात मात्र ती बॅटरी होती, आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. टॉर्च हा शब्द आला तो मुंबईच्या काकांबरोबर. बॅटरी म्हणजे खरं तर सेलांची माळ, बाहेरची नळी नव्हे, हे विज्ञानाच्या मास्तरांनी एकदा समजावून सांगितलं. आम्ही ते परीक्षेपुरतं मान्य केलं.

आत्याची बॅटरी दोन सेलांची. पितळेची, वरून निकेलचा मुलामा. ओल्या हातातून निसटू नये म्हणून अंगावर उभ्या रेघा. डोकं फिरवलं, की झोत आवळायचा नाहीतर पसरायचा. खटक्याशेजारी एक लाल बोंडी, दाबून धराल तेवढाच वेळ उजेड. मागच्या झाकणाला टांगायची कडी, आणि आत स्प्रिंगच्या वेटोळ्यात, कापसात गुंडाळून ठेवलेला जादा बल्ब. कंपनीनं या वाणाला ‘जीवनसाथी’ असं नाव दिलं होतं. आत्यानं लग्न केलेलं नव्हतं. घरात यावर काय काय कुजबुज होत असेल, कोण जाणे. एका हळदीकुंकवाला आत्यानंच बॅटरी सगळ्या बायकांपुढे उभी ठेवली आणि ‘हे आमचे’ म्हणून ओळख करून दिली. त्यानंतर विषय निघाला नाही.

ती नर्स होती. रात्रपाळ्या जास्त. बॅटरीच्या काचेवर ती पांढरा रुमाल घालून रबरानं बांधायची, म्हणजे वॉर्डात उजेड टोचत नाही. झोत कधी पेशंटच्या तोंडावर मारायचा नसतो, हे तिनं मला मी सात-आठ वर्षांचा असताना शिकवलं, जणू मीही उद्या पाळीवर जाणार होतो. ‘उशीच्या कडेला धरायचा. तिथून जो उजेड चेहऱ्यावर येतो, तेवढा श्वास चाललाय का नाही ते बघायला पुरतो.’

मला त्या काळात बॅटरी लागायची ती निराळ्या कामाला. वाड्याचा जिना दिवसाढवळ्याही काळोखा, आणि संडास मागच्या चौकाच्या पार टोकाला. रात्री जायचं म्हणजे मोहीमच. एका हातात टमरेल, दुसऱ्यात बॅटरी. उजेडाचा गोल पुढे, आपण त्याच्या मागे. गोलात जेवढं येईल तेवढंच जग: एक फरशी, नळाची तोटी, मांजराचे दोन डोळे. बाकीचा अंधार तसाच शाबूत राहायचा. आत गेल्यावर भीती घालवायला मी काचेवर तळहात ठेवायचो. बोटं आतून लाल पेटायची, कडेनं शेंदरी, आणि हाडं दिसल्यासारखी वाटायची. ती दिसत नसतात. पण आमच्या वाड्यातल्या एकाही पोराला हे पटलं नसतं.

सेल उतरायला लागले, की ती बॅटरी ते लपवायची नाही. मोबाइलचा दिवा शेवटपर्यंत पांढराशुभ्र राहतो आणि एकदम मिटतो. ही हप्त्याहप्त्यानं जायची. आधी पांढुरका पिवळा, मग हळदीचा पिवळा, मग केशरी, आणि शेवटी काचेआड नुसती एक लाल तार, राखेखालच्या निखाऱ्यासारखी, स्वतःलाच दिसण्यापुरती. या उतरणीला आठ-पंधरा दिवस सहज लागत. तेवढ्या काळात घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं, की बॅटरीत फारसं काही राहिलेलं नाही. कुणी उगाच खटका दाबला, तर आजी आतून ओरडायची. पाहुण्यांना जिन्यापर्यंत पोचवायचं तर बोंडी दाबून, पायरीपायरीला थोडाथोडा उजेड द्यायचा. असा मोजून दिलेला उजेड मी नंतर कुठे पाहिला नाही.

मग सेल उन्हात. गच्चीच्या कठड्यावर पापड-कुरडयांच्या शेजारी दोन लाल सेल उभे. हा अडाणीपणा म्हणून शहाणे लोक हसतात, पण त्यात तथ्य होतं. फ्रान्सच्या लेक्लांशेनं एकोणिसाव्या शतकात केलेल्या घटाचाच हा कोरडा वंशज. मधे कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड आणि कोळशाचा काळा मसाला, बाहेर जस्ताची डबी. वीज वाहत राहिली, की कांडीभोवती कोंडी होते आणि ती फोडायला मसाल्याला वेळ लागतो. विसावा मिळाला, थोडी ऊब मिळाली, की सेल पुन्हा दोन-चार रात्री काम देतो. नवा होत नाही. दम खातो, एवढंच. जस्ताची डबी हेच त्याचं भांडं आणि हेच जळण. स्वतःचं भांडं खात खात तो उजेड देतो, आणि भांड्याला भोक पडलं, की पाघळतो. पाघळलेला सेल आत फुगून अडकला, की बॅटरी उखळावर आपटायची, लाकडी दांड्यानं ठोकायची. पितळ आतून हिरवं झालेलं असायचं. ‘कळकली,’ आजी म्हणायची. ताकाच्या भांड्याला वापरायचा तोच शब्द. मेलेल्या सेलातली कांडी आम्ही फोडून काढायचो आणि फरशीवर लंगडीच्या रेघा मारायचो.

त्या सेलांवर नवाच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर होतं. एव्हरेडीचं. या कंपनीचे सेल १९०५ पासून कलकत्त्याला येत होते. पुढे ते तिथंच बनू लागले आणि १९५८ मध्ये लखनौला टॉर्चचा कारखाना निघाला. अलाहाबादची जीपही घरोघरी होती, पण आमच्याकडे मांजर. कंपनीचं नाव तेव्हा युनियन कार्बाइड इंडिया होतं, हे सेलावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं आणि ते कुणी वाचत नसे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला याच कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, त्यानंतर मी ते वाचलं. आत्यानं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि बॅटरी उचलून ड्यूटीवर गेली. दुसरी कुठली होती आमच्याकडे? १९९४ मध्ये कार्बाइडनं आपला हिस्सा विकला, नाव बदलून एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं, मांजर राहिलं. जुन्या बॅटऱ्यांच्या प्रेमाबद्दल लिहिताना हे पान गाळून पुढे जाता आलं असतं. जाववत नाही.

पुण्यानं मोठा अंधार पाहिला तो १२ जुलै १९६१ ला. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं गेलं, दुपारपर्यंत पेठा पाण्यात आणि रात्री चिखलात. दिवे नव्हते. आत्या तेव्हा नर्सिंग शिकत होती. त्या रात्रीची तिची गोष्ट दोनच वाक्यांची: ‘वडिलांची बॅटरी माळ्यावर होती, ती कोरडी राहिली. सेल फडताळात होते.’

आता या बॅटऱ्या बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात भेटतात. मंगळवार पेठेच्या अंगाला, रस्त्यावर पसरलेल्या गोणपाटांवर, नळाचे पाने, घड्याळाचे लंबक, बिनझाकणाचे डबे यांच्यामध्ये. मी गेली काही वर्षं तिथे जातो, आणि माझ्यासारखे आणखी चार-सहा जण येतात. एकमेकांची नावं माहीत नाहीत, पण कोण कशासमोर उकिडवा बसणार हे माहीत आहे. एक जण फक्त लष्करी बॅटऱ्या घेतो, मान काटकोनात वळलेल्या. एकाला पाच सेलांच्या लांबलचक हव्या असतात, गुरांच्या गोठ्यावर टांगायच्या. एकजण अमेरिकी मॅगलाइटचा भक्त; मॅग्लिकानं ती १९७९ मध्ये काढली, अॅल्युमिनियमची, दंडुक्यासारखी. उत्तम वस्तू आहे. पण तिच्यावर हात फिरवला, तर पितळेची ऊब लागत नाही, असं माझं मत. त्याला ते मान्य नाही.

आमची भांडणं बघण्यासारखी असतात. निकेल उडालेली बॅटरी पितांबरी लावून पूर्ण पितळी करावी, का आहे तसे डाग राखावेत? वाटी, म्हणजे आतला परावर्तक, पुसावा का? (पुसू नये. मुलामा फडक्याबरोबर निघून येतो. मी एक घालवली आहे.) आणि मोठं भांडण एलईडीचं. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, दोन सेलांत ती नुसती कण्हते; म्हणून तिच्या बुडात दाब चढवणारं चिमुकलं सर्किट बसवलेला बल्ब मिळतो, जुन्या आट्यांत जसाच्या तसा फिरवून बसतो. तारेचा बल्ब खाल्लेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवतो. एलईडीनं तेच सेल कित्येक पट चालतात. ज्या निळ्या दिव्यामुळे हे शक्य झालं, त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. हिशेब सगळा तिकडचा आहे. तरी ती घातलेली बॅटरी मी लावून बघतो, तेव्हा आजीच्या नऊवारीत कुणी परकी बाई उभी असावी, तसं होतं.

बाजारातून कधी कधी मी तसाच बाजीराव रस्त्यानं केळकर संग्रहालयात जातो. काका केळकर ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहायचे आणि आयुष्यभर घरोघरच्या वस्तू गोळा करायचे; दिव्यांवर त्यांचा विशेष जीव. लामणदिवे, समया, हातात निरांजन घेतलेल्या दीपलक्ष्म्या. त्या दिव्यांना घडवणाऱ्याचा हात दिसतो, म्हणून ते काचेआड गेले. बॅटरी यंत्रातून आली, तिच्यावर मोर नाही की हत्ती नाही. पण वाती वळणाऱ्या हातांइतकेच हात तिच्यावरूनही फिरले आहेत; खटक्यापाशी मुलामा झिजून पितळ उघडं पडतं, ते कुणाच्या ना कुणाच्या अंगठ्याचं माप असतं. टॉकीजमधल्या डोअरकीपरचा अंगठा घ्या. सिनेमा सुरू झाल्यावर आत शिरलं, की तिकिटावर एक क्षण, मग पायरीवर, मग खुर्चीच्या आकड्यावर, असा तो गोल टपटप उड्या मारत जायचा, आणि आपण आंधळ्यासारखे त्याच्या मागे. दोन बोटं काचेवर धरून तो उजेडाची फक्त चीर बाहेर सोडायचा. आता पायऱ्यांच्या कडेला दिव्यांच्या पट्ट्या असतात आणि लोक मोबाइल उंच धरून सगळ्या प्रेक्षागृहाला आपलं आगमन दाखवतात.

शहरातून बॅटरी गेली, कारण शहरातला अंधार गेला. २००६ मध्ये भारनियमनानं महाराष्ट्र हैराण असताना पुण्यानं एक तोड काढली: कारखान्यांनी आपली जनित्रं चालवायची, आणि त्याचा वाढीव खर्च शहरातल्या ग्राहकांनी बिलातून उचलायचा. ‘पुणे पॅटर्न’ म्हणून त्याचं कौतुक झालं. आमची बॅटरी खुंटीवरून कपाटात गेली ती तेव्हा. त्याच वेळी खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे शेतीपंपाची वीज अजून कित्येकदा रात्रीचीच पाळी घेऊन येते. मोटर चालू करायला माणूस अंधारात बांधावरून जातो, शेजारी ऊस, उसात बिबट्या असण्याची शक्यता, पायाखाली काय असेल ते असेल. त्याच्या हातातली बॅटरी चार्जिंगची आणि एलईडीची असते. तिचं त्याला कौतुक नसतं. तिची गरज असते. जुन्या बाजारातल्या आमच्या चर्चा मला त्याच्यासमोर करता येणार नाहीत.

वाडा बिल्डरला गेला, तेव्हा आत्यानं आवराआवरीत बॅटरी माझ्या हातात ठेवली. ‘घेऊन जा. मला मोबाइलचा बरा पडतो.’ मी काहीतरी हळवं बोलणार, तेवढ्यात म्हणाली, ‘उगाच कौतुक नको. अर्ध्या वेळा लागायची नाही. वॉर्डात मध्यरात्री हिला तीन-तीन चापट्या मारायला लागायच्या.’ कोथरूडला घरी येऊन मी खटका सरकवला. काही नाही. चापट्या मारल्या. काही नाही. फोन केला, तर पलीकडून हसू. ‘अरे, कसब्यातून कोथरूड म्हणजे प्रवासच की. उघडून बघ.’

पुढे काही वर्षांनी तिला दवाखान्यात ठेवलं होतं. शेवटचा आठवडा. रात्री दोनच्या सुमारास एक तरुण नर्स सलाइन बघायला आली, घाईत असावी, मोबाइलचा दिवा लावला आणि थेट आत्याच्या तोंडावर धरला. आत्यानं डोळे उघडले नाहीत. सुई लावलेला हात जेमतेम वर आला आणि पोरीच्या मनगटाला लागला.

‘उशीवर धर गं,’ ती म्हणाली.

पोरीनं मोबाइल खाली केला. उशीची कड पांढरी उजळली.