तीन पूल

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणितावर लिहावे हे जरा विचित्रच. पण क्षमा असावी. संगणकशास्त्राचा वर्ग सोडून मी इतिहासाकडे आलो, त्याला 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' हाच विषय कारण. संच, संबंध, आलेख यांच्या व्याख्या मी घोकीत असे आणि पेपर हाती पडला की विसरत असे. दोनदा नापास झालो. वडील काहीच बोलले नाहीत. ते न बोलणेच फार लागले.

परवा जुना वर्गमित्र आला. त्यांच्या सरांनी यंदा त्याच विषयात प्रकल्प दिला होता : आपल्या छत्रपती संभाजीनगरात हिंडून खराखुरा आलेख शोधा, मग त्यावर प्रोग्रॅम लिहा. एका गटाने मलिक अंबरची नहर घेतली. याने घेतले खाम नदीवरचे, मकाई, महमूद आणि बारापुल्ला या दरवाजांचे तीन जुने पूल. "तू इतिहासवाला, चल वाट दाखवायला," म्हणत त्याने मला ओढून नेले.

प्रश्न असा : नवे पूल सोडून, हे तिन्ही पूल एकेकदाच ओलांडून निघालो त्या काठावर परत येता येईल का? मला वाटले, वाट नीट आखली की झाले. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजाने गेलो, मकाईवरून आलो, बारापुल्ल्यावरून गेलो, तो पलीकडच्याच काठावर! क्रम बदलला, तरी तेच.

मित्राने कागदावर दोन टिंबे काढून तीन रेघांनी जोडली. "हे काठ, हे पूल. जितक्या वेळा काठ सोडशील तितक्या वेळा त्यावर परत यायला हवे. म्हणजे पूल जोडीने लागतात. तिनाच्या जोड्या कशा लावशील?"

प्रशियातील कोनिग्जबर्गच्या सात पुलांविषयी ऑयलरने १७३६ साली हाच विचार मांडला. तिथे तर चारही भूभागांना विषम संख्येचे पूल. म्हणून परत येणे दूरच, सगळे पूल एकेकदा ओलांडणेही अशक्य. हे सारे मी पाठ केले होते. कळले मात्र पाय दुखल्यावर!

पहिल्या वर्षीच कुणी असे पुलावर नेले असते तर? पण सारा दोष शिकवण्यावर कसा टाकू? वहीत दोन टिंबे मीही कधी काढून पाहिली नव्हती.

रात्री जेवताना वडिलांना हे कोडे घातले. त्यांनी ताटात बोटाने तीन रेघा ओढल्या, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "परत येता येत नाही." मग थोडे थांबून, "पण पलीकडे पोचता येते की!"