नेपाळयात्रेस निघण्यापूर्वीं

गेल्या कार्तिकांत आम्ही नेपाळांत तीन आठवडे राहून परत आलों. तेव्हांपासून आप्तेष्टांपैकीं कोणी ना कोणी विचारावयास येतच आहे. "काय काय पाहिलें?" असें विचारणारे थोडे, "आईला नेऊं का? मामांना झेपेल का?" हाच प्रश्न बहुतेकांच्या मुखीं असतो. आमच्या मतें तोच खरा प्रश्न होय. काठमांडूंतील देवालयांचीं वर्णनें कोणत्याही पुस्तकांत मिळतील. परंतु सत्तरी ओलांडलेल्या वडील माणसास मुक्तिनाथापर्यंत नेऊन सुखरूप घरीं कसें आणावें, हें फारसें कोणी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यासाठीं आहे. बाकीच्या गोष्टी ओघानें येतील.

प्रथम कागदपत्रें. नेपाळांत जाण्यास भारतीयांस व्हिसा लागत नाहीं, त्यामुळें तो जणूं आपलाच एखादा प्रांत आहे असा पुष्कळांचा समज होतो. विमानानें जाणारानें पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचें मतदार-ओळखपत्र मूळ स्वरूपांत जवळ बाळगलेंच पाहिजे. आधार कार्ड एरव्हीं पुरत नाहीं. १५ वर्षांखालील मुलें व ६५ वर्षांवरील वृद्ध यांना मात्र वय आणि ओळख पटविणारें दुसरें छायाचित्र असलेलें पत्र चालतें, व त्यांत आधारही येतें. १५ ते १८ वर्षांच्या मुलांस मुख्याध्यापकाचा विहित नमुन्यांतील दाखला चालतो. तो सुटी लागण्यापूर्वींच मागावा. सुटींत शाळेच्या कचेरीस कुलूप असतें, आणि मग पालक आमच्यासारख्या निवृत्त मास्तराच्या दारीं येतात, ज्याच्या सहीला आतां दमडीचीही किंमत नाहीं! खुष्कीच्या मार्गानें जाणारांनींही हींच पत्रें जवळ ठेवावीं.

पैशांचा हिशेब सोपा आहे. १९९३ पासून भारतीय शंभर रुपयांस नेपाळी एकशें साठ हा भाव कायम आहे. दुकानदारानें किंमत सांगितली कीं "भारु कीं नेरु?" एवढें विचारावें, भारु म्हणजे भारतीय रुपये व नेरु म्हणजे नेपाळी. हा प्रश्न न विचारल्यामुळें रस्त्यावर वाद घालणारे स्वदेशबांधव आम्ही रोज पाहिले, आणि प्रत्येक वेळीं दुकानदार खरा होता. मोठ्या नोटांविषयींचे नियम वरचेवर बदलत आले आहेत. म्हणून शंभराच्या नोटाच घेऊन जाव्या. डोंगरांत गेल्यावर मोबाइलवरून पैसे देण्याच्या भरंवशावर राहूं नये. घड्याळ पंधरा मिनिटें पुढें करावें. आठवड्याची सुटी शनिवारीं असते, आणि विजयादशमीच्या सुमारास, ज्यास तिकडे दसैं म्हणतात, कचेऱ्या बंद व मोटारी ओसंडून भरलेल्या असा प्रकार असतो. ते दिवस टाळलेले बरे.

लिपि देवनागरी असल्यामुळें पाट्या वाचण्यांत संस्कृतज्ञास मोठी मौज वाटते. राजमार्ग, विमानस्थल हे शब्द आपोआप समजतात. पोलिसास 'प्रहरी' म्हणतात, हें तर आम्हांस फारच आवडलें. 'भन्सार' म्हणजे जकात. 'खाजाघर' ही पाटी पाहून आमच्या नातवंडांनीं मिठाईची आशा धरली. तेथें खाजा म्हणजे मधल्या वेळचें खाणें असें कळतांच त्यांचीं तोंडें उतरलीं. शाकाहारी मंडळींनीं 'मासु' हा शब्द ध्यानांत ठेवावा. तो आपल्या माशासारखा वाटला, तरी त्याचा अर्थ मांस असा आहे. मासळीस 'माछा' म्हणतात. गोवध तेथें कायद्यानें निषिद्ध आहे, पण म्हशीचें मांस सर्रास खातात, व मोमो नांवाच्या वाफवलेल्या करंज्यांत तें बहुधा असतें. डाळ, भात, तरकारी हें जेवण मात्र खेडोपाडीं मिळतें, ऊन ऊन मिळतें, आणि भात पुन्हापुन्हा वाढतात. मागतांना 'दिदी' किंवा 'दाइ' अशी हांक मारावी. 'तातो पानी' म्हणजे ऊन पाणी, हे दोन शब्द वृद्धांस आधींच पाठ करवावे.

ऋतूविषयीं आमचें मत ठाम आहे. श्रावणांत पशुपतिनाथाचें दर्शन घ्यावें असें पुष्कळांस वाटतें, आणि भावना उत्तमच आहे. पण जून ते सप्टेंबर हे नेपाळच्या रस्त्यांवर दरडी कोसळण्याचे महिने. १२ जुलै २०२४ रोजीं पहाटेपूर्वीं अंधारांत त्रिशूलीकांठच्या रस्त्यावर दरड येऊन प्रवाशांनीं भरलेल्या दोन बसगाड्या नदींत वाहून गेल्या. पुढच्याच महिन्यांत, २३ ऑगस्टला, पोखऱ्याहून काठमांडूस निघालेली आपल्या जळगांव जिल्ह्यांतील यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीच्या पात्रांत कोसळली, व २५ हून अधिक माणसें गेलीं. मुक्तिनाथाचा मुलूख पर्जन्यछायेंत आहे, तेथें पाऊस थोडा, असें कोणी सांगतील. तें खरें आहे. परंतु तेथें पोंचविणारा रस्ता पर्जन्यछायेंत नाहीं! दिवाळीनंतरचा महिना किंवा चैत्र, हाच आमचा सल्ला. रात्रीचा मोटारप्रवास कोणत्याही ऋतूंत करूं नये. एका मुक्कामाचें भाडें वांचविण्यापलीकडे त्यांत लाभ नाहीं.

रेल्वेनें जाणारांस गोरखपूर हें सोईचें ठिकाण. तेथून सुनौलीच्या नाक्यावरून भैरहवा, जवळच भगवान् बुद्धांचें जन्मस्थान लुंबिनी व तेथील अशोकस्तंभ, आणि पुढें बुटवल-पाल्पावरून पोखरा असा मार्ग आम्हीं धरिला. म्हाताऱ्या माणसांस वळणावळणाचा रस्ता त्रासतो, म्हणून पाल्पास एक रात्र काढली.

आतां मुक्तिनाथ. पोखरा सुमारें आठशें मीटर उंचीवर, जोमसोम सुमारें सत्तावीसशें, आणि मुक्तिनाथाचें मंदिर सुमारें ३,७०० मीटरांवर. आपल्या कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे दुपटीहूनही अधिक. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दोन-तृतीयांशाहून किंचित् कमीच भरतो. सकाळच्या विमानानें वीस मिनिटांत जोमसोम, तेथून जीपगाडीनें मुक्तिनाथ, आणि दुपारीं दर्शन, असा कार्यक्रम कांहीं यात्रा-कंपन्या छापतात. तीन तासांत माणसास तीन हजार मीटर वर नेऊन ठेवणें हें आमच्या दृष्टीनें साहसच आहे. मग तो माणूस साठीचा असो कीं तिशीचा. आम्हीं मोटारीनें बेनी, तातोपानी, मार्फा असें टप्प्याटप्प्यानें चढून जोमसोमास दोन रात्री काढल्या व तिसऱ्या दिवशीं वर गेलों. रक्तदाब वा हृदयाचा विकार असलेल्यांनीं घरून निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. उंचीच्या त्रासावर जें औषध देतात तेंही त्यांच्याच सल्ल्यानें घ्यावें. डोकें ठणकणें, मळमळ, झोंप न येणें हीं पहिलीं लक्षणें. तोल जाऊं लागला, बोलण्यांत भ्रम दिसला, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली, तर "सकाळीं पाहूं" असें न म्हणतां तत्क्षणीं खालीं उतरावें. खालीं उतरणें हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

विमानानेंच जावयाचें असल्यास दोन दिवस मोकळे ठेवावे. काली गंडकीच्या खोऱ्यांत दुपारपूर्वींच प्रचंड वारा सुटतो, म्हणून उड्डाणें सकाळींच होतात व आभाळ भरलें कीं रद्द होतात. रद्द झाल्याबद्दल कर्मचाऱ्यांशीं भांडणारांनीं २९ मे २०२२ हा दिवस आठवावा. त्या दिवशीं पोखऱ्याहून निघालेलें विमान डोंगरांत कोसळून त्यांतील सर्व २२ जण मृत्यु पावले. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना काठमांडूस किंवा पोखऱ्यास आधीं काढून ठेवावा लागतो. भारतांतला आरोग्यविमा सीमेपलीकडे लागू आहे कीं नाहीं, हेंही विचारून घ्यावें. पुष्कळदां तो नसतो.

मुक्तिनाथास मंदिरामागें अर्धवर्तुळांत १०८ धारा आहेत, आणि पुढें दोन कुंडें. पाणी हिमासारखें. प्रत्येक धारेखालीं मस्तक धरून नंतर दोन्ही कुंडांत बुडी मारावी असा परिपाठ आहे. आमच्याबरोबर आमच्या वडील वहिनी होत्या, वय ७२. वहिनींनीं लुगडें-चोळीचें गाठोडें काढलें, तेव्हां आम्हीं शास्त्राचा आधार घेतला. स्मृतिकारांनीं सात प्रकारचीं स्नानें सांगितलीं आहेत. आतुरानें व अशक्तानें मंत्रस्नान किंवा मानसस्नान केलें तरी तें स्नानच होय, असें आम्ही विनयपूर्वक म्हणालों.

"भाऊजी, शास्त्र तुम्हांला ठाऊक. पण नवस ह्यांचा होता, माझा नव्हे. मला त्यांत काटकसर करतां येईल का?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. इतक्यांत शेजारच्या मंडळींतील एक धट्टेकट्टे गृहस्थ, जे त्याच सकाळीं विमानानें आले होते, कुंडांतून बाहेर येतांच मटकन् खालीं बसले. ओंठ निळे पडले, दांत वाजूं लागले. मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या बौद्ध भिक्षुणींनीं धांवत येऊन त्यांस घोंगडींत गुंडाळलें व घोड्यावर बसवून खालीं पाठविलें. संध्याकाळीं जोमसोमास ते चहा पीत बसलेले दिसले, हें ईश्वराचें देणें. वहिनींनीं तो सर्व प्रकार पाहिला, गाठोडें पुन्हा बांधलें, आणि पहिल्या धारेपासून आरंभ केला. प्रत्येक धारेस ओंजळ लावून दोन थेंब मस्तकावर, आणि ओठांत भावाचें नांव नव्हे, कारण तें घेण्याचा त्यांचा रिवाज नाहीं. "त्यांचें, त्यांचें" एवढेंच ऐकूं येत होतें. १०८ धारांस पाऊण तास लागला. आम्ही पंचा घेऊन मागें उभे होतों.

ज्यांना इतकें वर जाणें शक्यच नाहीं, त्यांनीं कागबेनीस थांबावें. तें मुक्तिनाथाहून बरेंच खालीं आहे, नदीसंगमावर पितरांस पिंड देण्याची तेथें परंपरा आहे, आणि वर गेलेल्या मंडळींची वाट पाहण्यास घरगुती खानावळी आहेत.

पशुपतिनाथाविषयीं थोडेंच. दर्शनास पहाटे जावें. कमरेचा पट्टा, पैशाचें पाकीट अशा चामड्याच्या वस्तु मुक्कामींच ठेवाव्या, आंत छायाचित्रें घेऊं नयेत. गाभाऱ्यांतील पूजा दक्षिणेकडून आलेले भट्ट पुजारी करितात, इतरांस लिंगास स्पर्श नाहीं. तेव्हां अभिषेकाचा आग्रह धरून रांग अडवूं नये. बागमतीच्या, म्हणजे पुराणांतील वाग्मतीच्या, घाटावर चिता अखंड पेटलेल्या असतात. तेथें कुणाचें तरी घर रडत असतें. मोबाइल उगारून उभे राहणारे प्रवासी पाहून आम्हांस लाज वाटली. ज्या काष्ठमंडपावरून शहरास नांव पडलें, तो २०१५ च्या भूकंपांत जमीनदोस्त झाला होता. आतां तो पुन्हा उभा आहे, तो अवश्य पाहावा.

परतीच्या वेळीं शाळिग्रामाचा मोह सर्वांस होतो. तो मूळचा गंडकीचाच; आणि कोट्यवधि वर्षांपूर्वीं तेथें समुद्र होता, त्यांतील प्राण्यांच्या शंखांचे हे पाषाण झाले, असें भूगर्भशास्त्र सांगतें. आमच्या श्रद्धेस त्यानें धक्का बसला नाहीं, उलट चक्र कोठून आलें तें कळलें. वाटेवर विकावयास बसलेल्यांकडे हातानें कोरलेले व तेल लावून चकचकीत केलेलेही असतात. घ्यावयाचाच तर लहान एक घ्यावा, नेण्याचे नियम तेथल्या कचेरींत विचारावे, आणि पावती जपून ठेवावी. शंभर वर्षांहून जुनी मूर्ति वा भांडें देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. नवी मूर्ति जुन्यासारखी दिसत असेल, तर पुरातत्त्व विभागाचा दाखला घेऊन मगच पेटींत घालावी.